गाडी आहे, पण ती उभी कुठे असते?

रुग्णवाहिकेच्या बातम्या आपल्याकडे दोनच प्रकारच्या येतात. पहिलीत फोटो असतो. नवीकोरी पांढरी गाडी, बॉनेटवर हार, फुटलेला नारळ, हिरवा झेंडा धरलेले लोकप्रतिनिधी आणि कडेला अवघडून उभा असलेला ड्रायव्हर. दुसऱ्या बातमीला बहुधा फोटो नसतो, ती 'रुग्णवाहिका वेळेत न पोचल्याने' अशीच सुरू होते. दोन्ही बातम्या एकाच तालुक्यातल्या, अगदी एकाच महिन्यातल्या असू शकतात.

मग टपरीवर वाद रंगतो. गाड्याच कमी आहेत, रस्त्यांची वाट लागलीय, ड्रायव्हरला पगार वेळेवर मिळत नाही. यातलं काहीच खोटं नाही. पण एक प्रश्न त्या वादात सहसा येत नाही: काम नसतं तेव्हा ती गाडी उभी कुठे असते, आणि ती जागा कोणी, कशावरून ठरवली?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावर पन्नासहून जास्त वर्षं गणितज्ञ आणि नगरनियोजक डोकं खपवताहेत. बहुतेक काम मोठ्या, सपाट, चौकोनी रस्त्यांच्या शहरांसाठी झालं. रत्नागिरी, चिपळूण ही शहरंच आहेत, पण त्यांच्या एका अंगाला खाडी किंवा समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि नगरपालिकेची हद्द संपली की लगेच सुरू होणाऱ्या वाड्या. इथे तेच गणित थोडं वेगळं मांडावं लागतं.

वीस मिनिटं म्हणजे कुठून कुठपर्यंत?

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरसह जास्त उपकरणं असलेल्या 'ॲडव्हान्स', बाकी ७०४ 'बेसिक'. गाडीत डॉक्टर असणं हे या सेवेचं वैशिष्ट्य. शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचायचं, असं उद्दिष्ट धरलेलं आहे. फोन केल्यापासून गाडी पोचेपर्यंतच्या या वेळेला प्रतिसाद काळ म्हणतात. एवढा एक शब्द लक्षात ठेवला की पुरे.

हा काळ एकसंध नसतो. फोन उचलला जातो, पत्ता कळतो, कोणती गाडी पाठवायची ते ठरतं, चालक आणि डॉक्टर गाडीत बसतात, गाडी रस्ता कापते. शिवाय गाडी पोचल्यावर, म्हणजे हा काळ मोजून संपल्यावर, कोणीतरी स्ट्रेचर घेऊन प्रत्यक्ष माणसापर्यंत जातं. गाडी उभी कुठे आहे याचा संबंध यातल्या एकाच तुकड्याशी आहे, रस्ता कापण्याशी. पण आपल्याकडे सगळ्यात मोठा तुकडा बहुतेक वेळा तोच असतो.

हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबणं किंवा विजेचा झटका यातलं काहीच मिळालं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे स्पष्टच बोलायचं तर अशा रुग्णाला वीस मिनिटांनी येणारी गाडीही उशिराचीच. त्याला शेजारचा छाती दाबता येणारा माणूस वाचवेल. पण अपघातातला रक्तस्राव, अडलेली बाळंतीण, सर्पदंश, अर्धांगवायूचा झटका, यांत वीस मिनिटं आणि पन्नास मिनिटं यातला फरक फार मोठा असतो. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यात घरी गेलेला वेळ, स्कॅनचा वेळ, सगळंच मोजलं जातं.

नकाशावरचं वर्तुळ खाडी ओलांडतं, गाडी ओलांडत नाही

नियोजनाची सर्वांत जुनी आणि सर्वांत फसवी पद्धत म्हणजे कंपास. नकाशावर रुग्णालयाच्या ठिकाणी टोक रोवायचं, पंधरा किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, आत आलेली गावं 'कव्हर' झाली म्हणायचं.

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून बघा. समोर धोपावे दिसतं. मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट, म्हणजे आपली जंगलजेटी, काही मिनिटांत पलीकडे नेते. रात्री ती बंद झाली की तेच धोपावे गाठायला दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरकडून यावं लागतं, शंभरावर किलोमीटर. कंपासच्या लेखी दोन्ही गावं शेजारी आहेत. जयगड आणि तवसाळ यांचीही तीच गत. घाटात याच्या उलट होतं. अंतर कमी दिसतं, पण चढ, वळणं आणि पुढे रांगणारा ट्रेलर मिळून दहा किलोमीटरला अर्धा तास खातात.

म्हणून पहिला नियम: अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही, मिनिटांत मोजायचं. तेही एकदा मोजून भागत नाही. दुपारचं वेगळं, रात्रीचं वेगळं, गणपतीच्या आदल्या दिवशी हायवे तुंबलेला असतानाचं वेगळं. हल्ली हे जमवणं अवघड राहिलेलं नाही. १०८ च्या गाड्यांत जीपीएस असतं, आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या फेऱ्यांतून कोणत्या रस्त्याला कधी किती वेळ लागतो याचा तक्ता निघू शकतो.

मग जागा ठरते कशी?

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी प्रश्न असा मांडला: प्रत्येक वस्तीला ठरावीक मिनिटांत गाडी मिळायलाच हवी असेल, तर कमीत कमी किती ठिकाणी गाड्या ठेवाव्या लागतील? उत्तर गणिताने निघतं, पण ते बहुधा तिजोरीला परवडत नाही. एखाद्या टोकाच्या वाडीसाठी एक अख्खी गाडी लागते. १९७४ मध्ये मग प्रश्न उलटा केला गेला: गाड्या एवढ्याच आहेत, तर जास्तीत जास्त माणसांना वेळेत पोचतील अशा त्या कुठे ठेवायच्या?

बहुतेक सरकारी नियोजन, कळत-नकळत, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतं. त्यात काय होतं ते एका काल्पनिक तालुक्यावर बघू. आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून मी मनाने घेतलेत.

महिन्याला १०० फोन येतात. शहरातून ६०, हायवेवरच्या नाक्याकडून २८, खाडीपलीकडच्या गावांतून १२. शहर आणि नाका यांच्या मधे एक फाटा आहे, तिथून दोन्हीकडे वीस मिनिटांच्या आत पोचता येतं. खाडीपलीकडे मात्र तिकडे उभी असलेली गाडीच वेळेत पोचेल.

एकच गाडी असेल आणि ती शहरात उभी केली, तर ६० फोनना वेळेत पोचेल. फाट्यावर उभी केली तर ८८ फोनना. म्हणजे गाडी तीच, पेट्रोल-डिझेल तेच, माणसं तीच. फक्त उभं राहण्याची जागा बदलली आणि महिन्याला २८ जणांचा फायदा झाला. शहरातले लोक अर्थातच म्हणतील, 'आमची गाडी रानात नेऊन ठेवली.' त्यांच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे हेही कबूल करायला हवं. आधी पाच मिनिटांत येणारी गाडी आता पंधरा मिनिटांत येते. वीसच्या आत म्हणजे पास, असं मानणाऱ्या गणिताला हा फरक दिसतच नाही.

वाळूवर अंडरआर्म क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हे सगळं उपजत कळतं. चारच फिल्डर असले तर कप्तान चौघांनाही जिथे सर्वांत जास्त फटके जातात तिथे उभं करत नाही, दोन्हीकडे धावता येईल अशा अधल्यामधल्या जागी लावतो. आणि एक जण बॉलमागे पाण्यात गेला की उरलेले न सांगता सरकतात. हे सरकणं पुढे लागणार आहे.

गाडी नेमलेली आहे, पण रिकामी आहे का?

इथे खरी मेख आहे, आणि कोकणात तर ती सगळ्यात जास्त बोचते.

वरचा हिशोब असं धरून चालतो की फोन आला तेव्हा गाडी जागेवर आहे. प्रत्यक्षात ती बाहेर असू शकते. आणि आपल्याकडे बाहेर असणं म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे असणं नव्हे. तालुक्याच्या रुग्णालयातून रुग्ण 'रेफर' होतो. रत्नागिरीतून कोल्हापूरला हलवा, सिंधुदुर्गातून गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्या, रायगडातून मुंबईला. सिंधुदुर्गात ओरोसला आणि रत्नागिरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं अलीकडे सुरू झाली, त्यामुळे यातला काही भार हळूहळू कमी व्हायला हवा. पण मेंदूची शस्त्रक्रिया किंवा अशाच मोठ्या उपचारांसाठी घाट चढणं अजून सुटलेलं नाही.

रत्नागिरी ते कोल्हापूर आंबा घाटातून साधारण सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. जायला तीन-साडेतीन तास, तिथे रुग्ण ताब्यात देणं, कागद, गाडी धुणं, ऑक्सिजन भरणं, परत यायला तेवढाच वेळ. आठेक तास सहज जातात. म्हणजे दिवसाला अशी एक फेरी झाली, की ती गाडी दिवसाचा एक तृतीयांश वेळ तालुक्यात नाहीच. कागदावर मात्र तालुक्यात एक गाडी 'कार्यरत' आहे.

१९८३ मध्ये मार्क डॅस्किन या अमेरिकन संशोधकाने हीच गोष्ट गणितात आणली. समजा प्रत्येक गाडी ३० टक्के वेळ बाहेर असते. मग ज्या वस्तीच्या टप्प्यात एक गाडी आहे तिला फोन केल्यावर गाडी रिकामी मिळण्याची शक्यता ७० टक्के. टप्प्यात दोन गाड्या असतील तर दोन्ही एकाच वेळी बाहेर असण्याची शक्यता ३० टक्क्यांचे ३० टक्के, म्हणजे ९. तेव्हा एक तरी मिळण्याची शक्यता ९१ टक्के. तीन असतील तर ९७ टक्क्यांच्या थोडी वर. पहिल्या गाडीने ७० दिले, दुसरीने २१, तिसरीने जेमतेम ६. (प्रत्यक्षात थोडं कमीच धरायचं. बसचा अपघात झाला की सगळ्या गाड्या एकदमच बाहेर जातात.)

आता आपल्या काल्पनिक तालुक्याला दुसरी गाडी मिळाली. ती कुठे ठेवाल?

पहिला पर्याय, खाडीपलीकडे. म्हणजे सगळ्या १०० फोनच्या टप्प्यात एकेक गाडी. प्रत्येक गाडी ७० टक्के वेळ रिकामी, तेव्हा महिन्याला ७० जणांना वेळेत गाडी मिळेल.

दुसरा पर्याय, तीही फाट्यावरच. मग शहर आणि नाक्याच्या ८८ फोनना दोन गाड्यांचा आधार. ८८ चे ९१ टक्के, म्हणजे ८०. महिन्याला दहा जणांचा फायदा. आणि खाडीपलीकडच्या बाराही जणांना वेळेत कोणीच नाही, कधीच नाही.

संगणक दुसरा पर्याय निवडेल. त्याला सांगितलंच तसं आहे. खाडीपलीकडच्या सरपंचाला तुम्ही हे 'शास्त्रीय नियोजन' म्हणून सांगून बघा! माझ्या मते इथे बरोबर उत्तर गणितात नाही. एकूण जास्त माणसांना वेळेत पोचायचं की सर्वांत लांबच्याला अगदीच वाऱ्यावर सोडायचं नाही, हा निर्णय माणसांनी, उघडपणे घ्यायचा आहे. गणिताचा उपयोग एवढाच की त्या निर्णयाची किंमत किती ते कळतं. इथे ती महिन्याला दहा फोन आहे. ती कळल्यावर कोणी पहिला पर्याय निवडला तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

तिसराही पर्याय आहे, मघाच्या सरकण्याचा. दुसरी गाडी एरवी खाडीपलीकडे ठेवायची, आणि फाट्यावरची गाडी घाट चढायला निघाली की तिला फाट्यावर यायला सांगायचं. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून काही शहरं रुग्णवाहिका अशा दिवसभर हलवत ठेवतात. याचे दोन तोटे आहेत. फेरीबोट बंद असताना ही चलाखी चालत नाही. आणि गाडीतली माणसं थकतात. बारा तास रस्त्याच्या कडेला गाडीत बसून काढलेला चालक पुढचा घाट कसा चढवेल याचाही विचार करायला हवा.

याहून सोपा उपाय आहे, आणि मला तो जास्त पटतो: लांबच्या रेफरच्या फेऱ्यांसाठी गाडी वेगळी ठेवा. पहिल्या प्रतिसादाच्या गाडीने तालुका सोडायचाच नाही. नवी गाडी मिळाली की तिला नवं गाव देण्याऐवजी हे काम दिलं, तर आधीच्या सगळ्या गाड्या जास्त वेळ जागेवर राहतात.

'लोकसंख्येप्रमाणे गाड्या वाटा, वाद मिटेल'

हा आक्षेप हमखास येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा ढोबळ मापदंडही तसाच आहे: एक लाख लोकांमागे एक बेसिक गाडी, पाच लाखांमागे एक ॲडव्हान्स. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८ लाख ४९ हजार लोक होते. तेवढी माणसं मुंबईच्या एखाद्या मोठ्या वॉर्डात राहतात. सिंधुदुर्गात ती ५,२०७ चौरस किलोमीटरवर पसरलेली आहेत. दोन्हीकडे आठ-नऊ गाड्या दिल्या तर वाटप समान झालं, सेवा समान झाली का?

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचा अभ्यास करणाऱ्यांनी १९७० च्या दशकात एक नियम शोधला. गाडीला कापावं लागणारं सरासरी अंतर क्षेत्रफळ भागिले रिकाम्या गाड्यांची संख्या, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. भाषा जड आहे, अर्थ सोपा: अंतर निम्मं करायचं तर गाड्या दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. त्यामुळे पसरलेल्या मुलखात केवळ गाड्या वाढवून मिनिटं खाली आणणं फार महागात पडतं, आणि आहेत त्या गाड्यांच्या जागा नीट ठरवण्याचं मोल वाढतं.

शिवाय आपल्याकडे कुठली लोकसंख्या धरायची? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली. कमावती माणसं मुंबई-पुण्यात, गावात म्हातारी माणसं. म्हणजे डोकी कमी, पण दर डोक्यामागे फोन जास्त. आणि शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीत चाकरमानी उतरले की तीच गावं फुगतात. त्याच दिवसांत हायवेवर गाड्यांच्या रांगा, मे महिन्यात समुद्रावर पर्यटक. जनगणनेची मोजणी यातलं काही पकडत नाही. गणपतीतल्या दहा-बारा दिवसांसाठी गाड्यांच्या जागा वेगळ्या असायला हव्यात, एवढं साधं आहे हे.

'रुग्णालयाच्या दारात उभी असली तर काय बिघडलं?'

काही नाही, रुग्णालय योग्य जागी असेल तर. पण रुग्णवाहिका आधी रुग्णाकडे जाते, मग रुग्णालयात. पहिल्या टप्प्याला रुग्णालयाजवळ असण्याचा काही फायदा नाही.

गाड्या तिथेच उभ्या असतात त्याचं कारण वेगळं आणि समजण्यासारखं आहे. माणसांना बसायला खोली लागते, संडास लागतो, पावसात छप्पर लागतं, मोबाइल चार्ज करायला प्लग लागतो. फाट्यावर गाडी ठेवा म्हणणं सोपं आहे; जुलैच्या पावसात त्या फाट्यावर एक डॉक्टर आणि एक चालक रात्र कशी काढतील? आणि मुख्य म्हणजे मोबाइलला रेंज हवी. कोकणात कितीतरी वळणं अशी आहेत की गणिताने जागा उत्तम, पण फोन लागत नाही. रेंज नसलेल्या जागी उभी असलेली रुग्णवाहिका नसल्यासारखीच. यावर तोडगा म्हणून पोलीस चौकी, अग्निशमन केंद्र, एसटीचा डेपो, ग्रामपंचायतीची इमारत, पेट्रोल पंप अशा आधीच उभ्या असलेल्या जागांची यादी करायची आणि गणिताला त्यातूनच निवडायला सांगायचं.

'मागच्या वर्षी जिथून फोन आले तिथे ठेवा ना'

ऐकायला बिनतोड वाटतं. पण ज्या वाडीला गाडी कधीच वेळेत पोचली नाही, ती वाडी फोन करणं सोडून देते. लोक शेजाऱ्याची इको काढतात, रिक्षावाल्याला उठवतात, तिन्हीसांजेनंतर असेल तर टेम्पोसुद्धा. नोंदवहीत त्या वाडीपुढे शून्य येतं. नियोजन करणारा शून्य बघतो आणि म्हणतो, इथे गरज नाही. पुढच्या वर्षीही शून्यच येतं.

म्हणून फोनच्या नोंदीला जोडून प्राथमिक आरोग्य केंद्रांचे आणि उपजिल्हा रुग्णालयांचे केसपेपर बघायला हवेत: गंभीर अवस्थेत रिक्षाने किंवा खासगी गाडीने कोण आलं, कुठल्या गावातून आलं. आशाताईंना विचारलं तर वहीशिवायही सांगतील.

पूर येतो तेव्हा शहराचे तुकडे पडतात

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं, वाशिष्ठीवरचा हायवेचा जुना पूल खचून वाहतूक बंद पडली. कागदावर एक असलेलं शहर त्या दिवशी वेगवेगळ्या बेटांत वाटलं गेलं. अशा वेळी शहरात किती गाड्या आहेत या प्रश्नाला अर्थ उरत नाही. पाण्याच्या कोणत्या बाजूला किती आहेत, एवढंच उरतं. सगळ्या गाड्या एकाच आवारात असतील तर त्या एकदमच अडकतात, किंवा एकदमच बुडतात.

यासाठी फार मोठं गणित लागत नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की एक गाडी नदीच्या या अंगाला, एक त्या अंगाला, एक उंचावर, आणि दरडी कोसळणाऱ्या घाटाच्या दोन्ही तोंडांना एकेक. कोणती गाडी कुठे जाणार हे मे महिन्यातच लिहून ठेवलेलं असावं. पाणी चढायला लागल्यावर फोनाफोनी करून हे जमत नाही.

शेवटची पाखाडी

आता थोडं जागांच्या गणिताबाहेरचं, पण त्याच मिनिटांतलं. फोन असा चालतो:

'दादा, गाव कुठलं?'

'अहो, खालची वाडी.'

'गावाचं नाव सांगा, तालुका सांगा.'

'शाळेच्या पुढे, देवळाकडून खाली उतरायचं...'

पलीकडचा माणूस पुण्यात बसलेला असू शकतो. त्याला खालची वाडी, गुरववाडी, मधली वाडी या नावांच्या शेकडो वाड्या दिसतात. इथे पाच-सात मिनिटं सहज जातात. मग गाडी येते ती रस्त्यावर थांबते. घर आगरात, नारळी-पोफळीच्या आत. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधली वाट जेमतेम रिक्षा जाईल एवढी. किंवा घर खाली, आणि रस्त्यापासून तिथवर दगडी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, शेवाळ धरलेली. चाकांचं स्ट्रेचर तिथे निरुपयोगी. मग प्लॅस्टिकची खुर्ची येते, दोघं पुढे, दोघं मागे, आणि पायरी पायरी करत म्हातारीला वर आणतात. वरच्या रस्त्यावर गाडी बरोबर वीस मिनिटांत आलेली असते, आणि नोंदीत प्रतिसाद काळ वीसच लागतो. पाखाडीची वीस मिनिटं कोणी लिहीत नाही.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. घडीची खुर्ची-स्ट्रेचर गाडीत ठेवणं, वाड्यांना क्रमांक देऊन ते १०८ च्या यंत्रणेत भरणं, हायवेवरून फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगणं. आणि घरच्यांनी एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करणं.

गाडी जवळ नेता येत नसेल तर औषध न्या

विंचूदंशाचं उदाहरण कोकणातलंच आहे. लाल विंचू चावला की हृदयावर परिणाम होऊन माणसं, विशेषतः मुलं, दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा वापर दाखवून दिला आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येते. म्हणजे या एका आजारापुरतं मोठं रुग्णालय लांब असण्याचं भय खूप कमी झालं, आणि त्यासाठी एकही गाडी विकत घ्यावी लागली नाही.

खाडीपलीकडच्या बारा फोनचं उत्तर काही अंशी इथे आहे. तिथे दुसरी गाडी देणं परवडत नसेल तर आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस, ऑक्सिजन, रात्री हजर असणारा डॉक्टर, आणि छाती दाबायला शिकलेली गावातली दहा-बारा माणसं. मुंबईत २०१७ पासून दुचाकी रुग्णवाहिका वापरल्या गेल्या त्याही याच विचारातून: रुग्णाला नेता येत नाही, पण उपचार सुरू करणारा माणूस लवकर पोचतो. आगरातल्या अरुंद वाटांसाठी मला ही कल्पना मुंबईपेक्षा जास्त चपखल वाटते. हेलिकॉप्टरची मागणीही अधूनमधून होते. पावसाळ्यातल्या ढगांत आणि रात्री त्याचा भरवसा किती, हे मागणी करणाऱ्यांनी आधी विचारावं.

सरासरी मागू नका

सेवा कशी चाललीय असं विचारलं की उत्तरात सरासरी मिळते. समजा दहा फोन आले. आठांना गाडी दहा मिनिटांत मिळाली, दोघांना साठ मिनिटांनी. सरासरी वीस मिनिटं, उद्दिष्ट पूर्ण. ते दोघं बहुतेक एकाच दिशेचे, एकाच खाडीपलीकडचे असतात, आणि सरासरीत ते दिसेनासे होतात. इंग्लंडमध्ये सर्वांत गंभीर फोनसाठी दोन आकडे ठेवतात: सरासरी ७ मिनिटं, आणि दहापैकी नऊ फोनना १५ मिनिटांच्या आत. दुसरा आकडा पहिल्याला खोटं बोलू देत नाही.

आपल्याकडे आकडा मागायचा तर गावनिहाय मागावा, आणि वेळेसोबत चार गोष्टी मागाव्यात: फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता हलली, किती वाजता पोचली, आणि हलली तेव्हा ती कुठे होती. फोन, नियंत्रण कक्ष आणि जीपीएस यांच्यामुळे या चारही गोष्टींची नोंद निघू शकते. रुग्णाचं नाव किंवा आजार यात कुठेच लागत नाही, त्यामुळे खासगीपणाचं कारण पुढे करून माहिती नाकारायला जागा उरत नाही. ग्रामसभेत ठराव करून ती मागता येते, माहिती अधिकाराच्या अर्जावरही.